सेन्सरला मारलेली थाप

आमच्या टीममध्ये सध्या दोन प्रकारचे लोक आहेत. एक, ज्यांनी गाडी उंच केली आहे. दोन, ज्यांना करायची आहे. मी बरेच दिवस दुसऱ्या प्रकारात होतो. सोमवारी सकाळी चहाच्या मशीनपाशी उभं राहून ताम्हिणीत कोणाची गाडी कुठल्या दगडावर घासली याची वर्णनं ऐकायची, आणि डेस्कवर येऊन गुपचूप टायरच्या किमती बघत बसायचं. ईएमआयचा आकडा बघून ती विंडो बंद करायची. पुन्हा सोमवार.

आता मी दोन्ही प्रकारांत नाही. कारण सांगतो, पण त्याआधी थोडं गणित आणि थोडी पिंपळवंडी सहन करावी लागेल.

पिंपळवंडी म्हणजे माझं आजोळ. पुण्याहून नाशिक रस्त्याने निघालात की चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव मागे टाकायचं आणि आळेफाटा यायच्या आधी चाळकवाडीचा टोलनाका दिसला की आलं आमचं गाव. कुकडीचं पाणी, ऊस, टोमॅटो, आणि त्या उसात बिबटे. महामार्ग सोडून आत वळलं की डांबर संपतं आणि पाणंद सुरू होते. पाणंद म्हणजे दोन बाजूंच्या शेतांमधून जाणारी, एका वेळी जेमतेम एक गाडी मावेल अशी वाट. उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात काला. मामांचा मळा तिथे आत, दीडेक किलोमीटरवर.

गेल्या जुलैमध्ये माझा एक मित्र आपली नवी (म्हणजे जुनीच, पण त्याच्यासाठी नवी) एसयूव्ही घेऊन माझ्याबरोबर तिथे आला. परदेशी बनावटीची, तिसऱ्या मालकाकडून घेतलेली, हवेच्या सस्पेन्शनची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. दोष होता तो आमच्यासारख्या शिकलेल्या लोकांचा.

हवेचं सस्पेन्शन म्हणजे काय ते आधी थोडक्यात. एसटीच्या शिवनेरीत बसला असाल तर त्यावर बसून प्रवास केलाच आहे (बसला नाव आमच्या जुन्नरच्या किल्ल्याचं, हे जाता जाता). साध्या गाडीत चाक आणि बॉडी यांच्यामध्ये स्प्रिंग असते किंवा पाट्यांचा कमान-पाटा. इथे त्याऐवजी रबराची जाड पिशवी असते आणि तिच्यात दाबाखालची हवा. कॉम्प्रेसर हवा भरतो, व्हॉल्व्ह सोडतो. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो. चाकाच्या आर्मपासून एक बोटभर दांडी त्या सेन्सरच्या छोट्या हाताला जोडलेली असते. चाक वर गेलं की दांडी हलते, सेन्सर फिरतो, कॉम्प्युटरला कळतं की बॉडी आत्ता किती उंचीवर आहे. कमी असेल तर हवा भरा, जास्त असेल तर सोडा. आपल्या भाषेत सांगायचं तर फीडबॅक लूप. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कंट्रोल सिस्टिम्समध्ये ज्यात माझी केटी लागली होती, तेच.

रेंज रोव्हरने हे १९९२ साली आणलं. २००४ च्या डिस्कव्हरी ३ मध्ये तर बटण दाबलं की गाडीच्या पोटाखालची जागा साधारण १८५ मिलिमीटरवरून २४० वर जायची. शिवाय खडबडीत रस्त्यावर डाव्या-उजव्या पिशव्या एकमेकींना जोडायची सोय. एक चाक दगडावर चढलं की त्याची हवा दुसऱ्या बाजूच्या चाकाला खाली दाबते. फार सुंदर काम आहे ते. ज्याने कोणी हे पहिल्यांदा कागदावर काढलं असेल त्याला मी मनापासून चहा पाजेन.

आता प्रश्न असा की ज्या गाडीला मुळातच उंच व्हायचं बटण आहे, ती आणखी उंच कशाला करायची? उत्तर, टायर. मोठे टायर बसवायचे तर चाकाच्या कमानीत जागा हवी. ती नसेल तर वळताना टायर आतल्या प्लास्टिकला घासतो. म्हणून बॉडी वर उचलायची. साध्या स्प्रिंगच्या गाडीत त्यासाठी लांब स्प्रिंगा, लांब शॉकॲब्सॉर्बर वगैरे बदलावं लागतं, म्हणजे पैसे आणि घाम. हवेच्या गाडीत मात्र एक शॉर्टकट आहे. सेन्सरच्या त्या चार बोटभर दांड्या काढायच्या आणि वेगळ्या लांबीच्या चार दांड्या लावायच्या. झालं! सेन्सरला वाटतं गाडी खाली बसलीये. तो कॉम्प्युटरला तसं कळवतो. कॉम्प्युटर बिचारा इमानदार, तो हवा भरत राहतो. गाडी खरी दोन इंच वर जाते आणि डॅशबोर्डवर मात्र 'नॉर्मल'.

मित्राने हे मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी अक्षरशः टाळी दिली होती. चार दांड्या, अर्ध्या तासाचं काम, एक ओळ कोड न लिहिता अख्ख्या सिस्टिमला उल्लू बनवलं! सॉफ्टवेअरवाल्याला याहून गोड काय असणार. कोणी इनपुटमध्ये खोटा डेटा भरून प्रोडक्शन चालवलं तर कोड रिव्ह्यूमध्ये आपण त्याची सालं काढतो, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

त्याच्या गाडीचे मूळचे टायर २५५/६० आर १८. म्हणजे रिम १८ इंच, त्यावर दोन्हीकडे रबराची भिंत १५३ मिलिमीटर. एकूण व्यास साधारण ७६३ मिलिमीटर. त्याने घातले २७५/६५ आर १८. व्यास ८१५. बघताना प्रचंड फरक वाटतो. गाडी एकदम दंड फुगवून उभी राहिल्यासारखी दिसते. पण व्यास ५२ मिलिमीटरने वाढला तर जमिनीपासूनची उंची वाढली त्याच्या निम्मी, २६ मिलिमीटर. एक इंच. अंगठ्याच्या पेराएवढी.

मग दगड चढायला काय फरक पडला? हेही गणित मी नंतर करून बघितलं (आधी करायला हवं होतं, पण आधी आपण फक्त फोटो बघतो). समोर १५० मिलिमीटरची पायरी आहे. चाक तिला टेकतं तो बिंदू चाकाच्या तळापासून किती अंश वर येतो, यावर चढणं सोपं की अवघड ते ठरतं. जुन्या टायरला तो कोन येतो सुमारे ५३ अंश. नव्या टायरला ५१. दोन अंश!! लाखाच्या आसपास खर्च आणि दोन अंश.

मळ्यात गोठ्याच्या मागे पणजोबांच्या बैलगाडीचं एक लाकडी चाक अजून भिंतीला टेकवून ठेवलंय. छातीपर्यंत येतं. लोखंडी धाव गंजलीये, दोन आरे निखळलेत, पण गोल आहे. मी टेप लावून मोजलं, व्यास जवळजवळ दीड मीटर. त्याच पायरीला हे चाक सुमारे ३७ अंशांवर टेकतं. म्हणजे मोठ्या चाकाचा मुद्दा आमच्या पणजोबांना पूर्ण कळलेला होता, आणि करायचंच तर त्यांनी असं केलं होतं की ज्याने खरंच फरक पडेल. पुढे डांबर आलं आणि बैलगाड्यांना रबरी टायर लागले तेव्हा गावानेच ती मोठी चाकं सोडून छोटी घेतली. बैलाला ओढायला हलकी, आणि रस्ता बरा झालेला. गरज संपल्यावर चाक लहान करणारं गाव, आणि गरज नसताना मोठं करणारे आम्ही.

असो. गोष्टीकडे येतो.

शनिवारी सकाळी आम्ही आधी आण्याच्या पठारावर गेलो. पाऊस थांबून थांबून. मित्राने गाडी उंच, अजून उंच, परत खाली, परत उंच असं करत माळरान पालथं घातलं. मी बाहेर उभा राहून व्हिडिओ काढत होतो, हेही कबूल करतो. दुपारी जेवायला मळ्यावर निघालो. पाणंदीत वळलो, ओढ्यावर सिमेंटच्या नळ्या टाकून केलेली मोरी आहे ती ओलांडली, पुढे डावीकडे वळण. बरोबर त्या वळणावर, चाकं पूर्ण डावीकडे वळवलेली असताना, टिंग आवाज आला. डॅशबोर्डवर पिवळा दिवा आणि सस्पेन्शनमध्ये बिघाड असल्याचा मेसेज. मग एक लांब सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला आणि गाडी खाली बसायला लागली.

बसली ती बसलीच.

झालं होतं काय, की त्या चार हुशार दांड्यांपैकी पुढच्या डाव्या चाकाची दांडी चिखलात, दगडात कुठेतरी आपल्या खोबणीतून निसटली होती. सेन्सरचा हात मोकळा लोंबकळत होता. कॉम्प्युटरला त्या कोपऱ्यातून अशक्य वाटावी अशी उंची दिसली, बाकी तीन कोपऱ्यांशी ती जुळेना. मग त्याने जे करायला शिकवलं होतं तेच केलं. माहितीवर विश्वास नाही, तर हवा सोड आणि गाडी सगळ्यात खालच्या, सगळ्यात स्थिर जागी बसव. डिझाइन म्हणून अगदी शहाणपणाचा निर्णय. कंपनीचे टायर असते तर गाडी ठेचकाळत का होईना, हळूहळू मळ्यापर्यंत गेली असती. कारण कंपनीने कमानीतली जागा ठरवताना हेही धरलेलं असतं की एक दिवस पिशवी पूर्ण रिकामी होईल, आणि तेव्हाही चाक फिरलं पाहिजे.

आमचे टायर कंपनीचे नव्हते. वळलेलं डावं चाक आतल्या प्लास्टिकमध्ये शिरून असं अडकलं की ना पुढे ना मागे, स्टिअरिंगही हलेना. कॉम्प्रेसर सकाळपासून धावून धावून तापलेला, तो आता हात लावू देईना. बाहेर उतरून बघतो तर गाडी चारही टायरांवर झोपलेली, म्हैस पाण्यात बसते तशी.

आणि पाणंद अडलेली. मागून हॉर्न.

मागे टोमॅटोच्या तीन पिकअप उभ्या होत्या. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात निघालेल्या, क्रेट वरपर्यंत रचलेले, वर ताडपत्री. ज्यांना नारायणगावचा टोमॅटो माहीत नाही त्यांच्यासाठी, हा बाजार राज्यातल्या मोठ्या टोमॅटो बाजारांपैकी आहे आणि २०२३ च्या जुलैत इथे वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता. तसाच तो कोसळतोही, इतका की लोक रस्त्याच्या कडेला टोमॅटो ओतून मोकळे होतात. तोडलेला टोमॅटो कोणाची वाट बघत नाही. उशिरा पोचलात की व्यापाऱ्याची खरेदी झालेली असते आणि जो भाव सांगेल तो घ्यावा लागतो.

मामा आले. सोबत हायड्रॉलिक जॅक, दोन लाकडी ठोकळे आणि एक फळी. गाडीभोवती एक चक्कर मारली. खाली वाकून कमानीत बघितलं. म्हणाले, "पाव्हणं, टायर गाडीपेक्षा मोठं झालं व्हय?"

मित्र त्यांना सिस्टिम समजावून सांगायला लागला. सेन्सर, दांडी, लूप. मामा ऐकून घेत होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हंजे गाडीशी खोटं बोलला. आन् आता ती रुसली."

मला याच्यापेक्षा चांगलं रूट कॉज ॲनालिसिस आजवर कोणी लिहिलेलं दिसलं नाही.

उपाय शेवटी निघाला तो गाडीच्या पोटाखालूनच. स्टेपनी! स्टेपनी मूळच्या मापाचीच होती, कारण मोठा टायर तिथे मावतच नाही. पण ती काढायला गाडीच्या खाली जावं लागतं, आणि गाडी चिखलाला टेकलेली. आधी मागची बाजू जॅकने उचल, ठोकळे सरकव, स्टेपनी सोड. मग पुढची बाजू उचल. चिखलात जॅक फळीसकट आत जातो. पुन्हा दगड आण. दोन पिकअपवाले पँट वर दुमडून मदतीला आलेले, तिसरा फोनवर बाजारात कोणाशी तरी बोलत होता. अडकलेलं चाक काढून स्टेपनी लावली. एका बाजूला छोटं चाक, दुसऱ्या बाजूला मोठं, घासत-खरडत दोनशे मीटर नेऊन गाडी मामांच्या खळ्यात घातली. दीड तास गेला होता.

पिकअप निघून गेल्या. संध्याकाळी त्यातला एक जण परत येताना भेटला. मामांच्या भावकीतलाच. मी विचारलं भाव काय मिळाला. सांगितला. सकाळी गेलेल्यांना काय मिळाला होता? तोही सांगितला. क्रेटमागे ऐंशी रुपयांचा फरक. मित्र खरंच चांगला मुलगा आहे, त्याने लगेच पाकीट काढलं. त्या माणसाने हात हलवून नको म्हटलं, वर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. तुमचीबी गाडी लागली की." मामींनी त्याला चहा दिला, तो घेतला आणि गेला. त्याच्या पिकअपमध्ये सव्वाशे क्रेट होते. गुणाकार मी मनात केला आणि मित्रानेही केला असावा, कारण नंतर तो बराच वेळ बोलला नाही.

हा प्रसंग बाजूला ठेवला तरी या शॉर्टकटविरुद्ध माझी तक्रार उरतेच, आणि ती मुख्यतः तांत्रिक आहे.

स्प्रिंगची गाडी आणि हवेची गाडी यांत मूळ फरक असा, की स्प्रिंग काहीही न करता गाडी वर धरून ठेवते आणि हवा सतत काहीतरी करत राहिली तरच वर धरते. लांब स्प्रिंग घालून गाडी दोन इंच उचललीत तर वायर तुटो, सेन्सर मरो, बॅटरी उतरो, ते दोन इंच तिथेच असतात. हवेच्या गाडीत ते दोन इंच म्हणजे एक आकडा आहे. तो कुठल्यातरी मेमरीत आहे, आणि ज्या क्षणी त्या आकड्यावरचा विश्वास उडतो त्या क्षणी ते दोन इंच नाहीसे होतात. टायर मात्र नाहीसा होत नाही. म्हणून हवेच्या गाडीला टायर निवडायचा तर एकच कसोटी आहे, पिशव्या पूर्ण रिकाम्या करून, स्टिअरिंग टोकाला फिरवून, तो मोकळा फिरतो का? फिरत असेल तर खुशाल घाला. नसेल तर तुमची गाडी उंच नाही, तुम्ही फक्त तिच्या चांगल्या दिवसाचा फोटो काढलाय. आपण सर्व्हर बसवताना विचारतो ना, हा पडला तर काय होईल? मग स्वतःच्या गाडीला विचारायला काय हरकत होती?

पुढचं. शॉकची लांबी तेवढीच राहते. गाडी दोन इंच वर राहायला लागली की चाकाला खाली लोंबायला उरलेली जागा दोन इंचांनी कमी होते. म्हणजे खड्ड्यात चाक जमिनीला टेकून राहण्याऐवजी हवेत लटकतं. ज्यासाठी ऑफ-रोडिंग करायचं तेच कमी झालं! ॲक्सलचे सांधे सतत तिरक्या कोनात फिरतात, त्यांची रबरी आवरणं फाटतात, आत चिखल जातो. बॉडीचा गुरुत्वमध्य वर जातो. समजा दोन चाकांमधलं अंतर १६०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ७५०. अंतराच्या निम्म्याला उंचीने भागलं तर १.०७ येतात. अमेरिकेत गाडी उलटण्याची शक्यता मोजताना हाच भागाकार धरतात, जितका मोठा तितकं चांगलं. टायर आणि दांड्या मिळून ती उंची ७० ने वाढली तर तो येतो ०.९८. घाटातल्या वळणावर अचानक कुत्रं आडवं आलं की हा फरक तुमच्या बाजूने नसतो. स्पीडोमीटर शंभर दाखवतो तेव्हा गाडी जवळपास एकशे सातने चाललेली असते. काही गाड्यांत हेडलाइटची पातळीसुद्धा याच उंचीच्या सेन्सरवरून ठरते, म्हणजे थाप तिथेही पोचते. रात्री नाशिक रस्त्यावर समोरून मोटरसायकलवर दुधाचे कॅन घेऊन येणाऱ्याच्या डोळ्यांत काय जात असेल याचा विचार करा.

आणि कायदा. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीने दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या रचनेशी विसंगत बदल मालकाला करता येणार नाही. त्याच वर्षी मोटर वाहन कायद्यात सुधारणा झाली, आणि आता बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनीला प्रश्न विचारायला आयतं निमित्त. चहाच्या मशीनपाशी हे सांगितलं की सगळे हसतात. "अरे, कोण पकडतंय!" खरं आहे. कोणी पकडत नाही.

इथे मात्र मी कायद्याच्याही पूर्ण बाजूने नाही. सरसकट बंदी असली की लोक करायचं थांबत नाहीत, लपून करतात, आणि लपून केलेलं काम कोणी तपासत नाही. ऑस्ट्रेलियात फोर बाय फोरवाल्यांना टायर आणि उंची किती वाढवता येईल याच्या मर्यादा मिलिमीटरमध्ये लिहून दिलेल्या आहेत, आणि त्यापुढे जायचं तर मान्यताप्राप्त इंजिनियरने गाडी तपासून सर्टिफिकेट द्यायचं. आपल्याकडे आकुर्डीला फोर्स मोटर्स आहे, चाकणला महिंद्राचा कारखाना आहे, पिंपरीत टाटा आहेत, ज्यांनी २००८ साली जग्वार लँड रोव्हर विकत घेतली. आराईसारखी गाड्या तपासणारी संस्था पुण्यातच, टेकडीवर बसलेली आहे. इतके इंजिनियर एका जिल्ह्यात असताना 'इतके मिलिमीटर चालेल, त्यापुढे दाखवून घ्या' एवढं ठरवणं अवघड नसावं. मग गॅरेजवालाही उजेडात काम करेल.

गॅरेजवाल्यांवर माझा राग नाही. जिम्नीसारख्या अखंड ॲक्सलच्या, साध्या स्प्रिंगच्या गाडीवर एखादा जाणकार मिस्त्री थोडं उंचीचं काम करतो तेव्हा ते बघण्यासारखं असतं. तिथे तर मोठ्या टायरला खरा अर्थही आहे. अखंड ॲक्सलमध्ये मधला गोळा चाकांबरोबर खाली राहतो, बॉडी कितीही उचला, तो उचलला जात नाही. त्याला वर न्यायचा एकच मार्ग, टायर. हवेच्या, स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत तो गोळा बॉडीबरोबर आधीच वर जातो. तिथे एका इंचासाठी एवढा खटाटोप कशाला?

मी मित्राला हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तुला दिसतं कसं त्याचं काही नाही का?" आहे ना! मला ती गाडी त्या टायरांवर भयंकर आवडली होती. अजूनही तिचा आण्याच्या पठारावरचा फोटो माझ्या लॅपटॉपवर आहे. पण दिसण्यासाठी केलं असं म्हणायची हिंमत आमच्यात नव्हती. आम्ही 'ग्राउंड क्लिअरन्स' म्हणत होतो. मामांचा शेजारी रोज त्याच पाणंदीतून साध्या, कमान-पाट्याच्या पिकअपमध्ये टनभर माल घेऊन येतो-जातो, आणि चिखल जास्त झाला की उतरून खड्ड्यात चार पाट्या मुरूम टाकतो. ते काही फोटोत येत नाही.

रविवारी सकाळी गाडी न्यायला पुण्याहून टोइंगवाला येणार होता, तो पाणंदीत शिरायला तयार होईना. मग खळ्यातच कॉम्प्रेसर थंड झालेला बघून, निसटलेली दांडी पुन्हा खोबणीत बसवून वर तारेने आवळली. इंजिन चालू केलं. मिनिटभर काहीच नाही. मग घरघर सुरू झाली आणि गाडी हळूहळू एकेक कोपरा उचलत उभी राहिली. मामी दारात उभ्या राहून बघत होत्या. "अगं बया, उठली की!" म्हणाल्या. पुण्यापर्यंत चाळीसच्या वर काटा नेला नाही. खेडपर्यंत तर ट्रॅक्टरनेही आम्हाला ओव्हरटेक केलं.

त्या आठवड्यात जुन्या दांड्या परत लागल्या, मूळच्या मापाचे नवे टायर आले. बटण दाबलं की गाडी तेवढीच वर जाते जेवढी ती म्हणते. मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा मळ्यावर गेलो, मोरीच्या पुढे वळणापाशी मुरूम टाकायला. ट्रॉलीचे पैसे मित्राने दिले, पसरायला आम्ही दोघं, मामा आणि तो टोमॅटोवाला. माझ्या तळहातावर फोड आले, ते बघून सगळे जण मनसोक्त हसले.

ते चार मोठे टायर सध्या माझ्या बाल्कनीत आहेत, कारण त्याच्या बायकोने घरात ठेवू दिले नाहीत. विकायचे आहेत. साध्या स्प्रिंगच्या, व्यवस्थित काम केलेल्या गाडीसाठी कोणाला हवे असतील तर सांगा. सहाशे किलोमीटरसुद्धा झालेले नाहीत. एकाच्या कडेला थोडं खरडलंय, ते कशामुळे ते आता तुम्हाला माहीत आहेच.